परिपाठातली प्रतिज्ञा

‘सावधान’ म्हटले जाते, शेकडो उजवे हात खांद्याच्या उंचीला समोर येतात आणि पुढे उभा असलेला विद्यार्थी एकेक वाक्य सांगू लागतो. मागून सगळी शाळा तेच वाक्य म्हणते. महाराष्ट्रात शाळा शिकलेल्या माणसाला झोपेतून उठवले तरी प्रतिज्ञा धडाधड म्हणता येते. ती लिहिली कोणी, असे विचारले की मात्र बहुतेक जण अडतात.

पैडिमर्री वेंकट सुब्बा राव हे त्या लेखकाचे नाव. ते मूळचे नलगोंडा जिल्ह्यातले. १९६२ साली, म्हणजे चीनशी युद्ध झाले त्या वर्षी, ते विशाखापट्टणमला जिल्हा कोषागार अधिकारी होते. सरकारी हिशेब सांभाळणाऱ्या या माणसाने तेलुगूत प्रतिज्ञा लिहिली आणि तेन्नेटी विश्वनाथम या ज्येष्ठ नेत्याच्या हाती सोपवली. त्यांच्याकडून ती आंध्रचे तेव्हाचे शिक्षणमंत्री पी. व्ही. जी. राजू यांच्याकडे पोहोचली. १९६४ मध्ये बंगळूरला केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाची बैठक झाली. अध्यक्ष होते केंद्रीय शिक्षणमंत्री एम. सी. छागला, मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती. तिथल्या निर्णयानुसार २६ जानेवारी १९६५ पासून ही प्रतिज्ञा देशभरच्या शाळांत सुरू झाली. कुटुंबीय सांगतात त्याप्रमाणे, आपले शब्द सारा देश म्हणतो हे खुद्द सुब्बा रावांना खूप उशिरा, नातीच्या पाठ्यपुस्तकामुळे कळले.

मुलांकडून रोज अशी प्रतिज्ञा म्हणून घ्यावी का, हा वाद जगात सर्वांत कडाक्याने झाला तो अमेरिकेत. तिथली प्रतिज्ञा फ्रान्सिस बेलामी यांनी १८९२ मध्ये एका मासिकासाठी लिहिली. ते मासिक शाळांना राष्ट्रध्वजही विकत असे. १९३०च्या दशकात यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथातल्या मुलांनी ध्वजाला वंदन करायला नकार दिला. देवाखेरीज कोणापुढे असे वंदन करायचे नाही, ही त्यांची श्रद्धा. पेनसिल्व्हेनियातल्या दोन भावंडांना शाळेतून काढले गेले आणि १९४० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी शाळेची बाजू उचलून धरली. त्यानंतर या पंथाच्या लोकांवर गावोगाव हल्ले झाले. आणखी एक अडचण होती. तिथेही मुले हात समोर ताणून धरत, आणि ते नाझी सलामीसारखे दिसू लागले. म्हणून डिसेंबर १९४२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने हात छातीवर ठेवण्याची पद्धत ठरवली. पुढच्याच वर्षी, ऐन महायुद्धात, न्यायालयाने आपला निकाल फिरवला: कोणत्याही विद्यार्थ्यावर प्रतिज्ञेची सक्ती करता येणार नाही. युद्ध चालू असताना असे सांगायला छाती लागते.

आपल्याकडे असाच प्रश्न उभा राहिला तो राष्ट्रगीतावरून. केरळात याच पंथाची तीन भावंडे राष्ट्रगीताच्या वेळी अदबीने उभी राहत, पण गात नसत. एका आमदाराच्या हे लक्षात आले, विधानसभेत प्रश्न निघाला, चौकशी झाली. मुलांनी कसलाही अनादर केलेला नाही, असे चौकशीत निष्पन्न झाले. तरीही जुलै १९८५ मध्ये त्यांना शाळेतून काढण्यात आले. उच्च न्यायालयातही निराशाच पदरी पडली. अखेर ११ ऑगस्ट १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. ओ. चिन्नप्पा रेड्डी यांच्या खंडपीठाने मुलांना शाळेत परत घ्यायला सांगितले. आदराने उभे राहिले की राष्ट्रगीताचा मान राखला जातो, गायलेच पाहिजे असा कायदा नाही, हे त्या निकालाचे सार. महाराष्ट्रातही नाशिकच्या एका शिक्षकाने शाळेच्या प्रार्थनेला हात जोडायला नकार दिला होता. तशी सक्ती त्याच्यावर करता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केले.

मग प्रतिज्ञा बंदच करावी का? मुळीच नाही. बंगल्यातले आणि झोपडीतले मूल एकाच रांगेत उभे राहून आपण एकमेकांचे आहोत असे मोठ्याने म्हणते, असे प्रसंग आपल्या समाजात मोजकेच उरले आहेत. आणि आपली प्रतिज्ञा अमेरिकेच्या प्रतिज्ञेहून फार वेगळी आहे. अमेरिकेची प्रतिज्ञा ध्वजाशी निष्ठा सांगते. सुब्बा रावांनी ध्वजाचा उल्लेखच केलेला नाही. त्यांच्या मजकुरात माणसे आहेत: देशबांधव, पालक, गुरुजन, वडीलधारे. देशातल्या परंपरा अनेक आहेत आणि त्या सगळ्यांचा अभिमान बाळगायचा आहे, असेही त्यात आहे. शिवाय प्रत्येकाशी सौजन्याने वागण्याचे वचन आहे. हे वचन ज्या शाळेत रोज म्हटले जाते, तिने गप्प राहिलेल्या एका मुलाला रांगेतून बाहेर काढले, सगळ्यांसमोर दटावले, तर प्रतिज्ञा मोडली शाळेनेच.

दुसरा आक्षेप घोकंपट्टीचा, आणि तो खरा आहे. अठरा वर्षांखालच्या व्यक्तीचा साधा करारही आपला कायदा मानत नाही, पण सहा वर्षांच्या मुलाकडून आपण निष्ठेचे वचन घेतो. त्याला काय म्हणतो आहोत ते कळावे, एवढी तरी जबाबदारी मोठ्यांवर येतेच. २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने परिपाठात संविधानाच्या उद्देशिकेचे वाचन सक्तीचे केले. हेतू चांगला, पण पाठ करण्याच्या यादीत भर पडण्यापलीकडे त्याचे काय होणार, हे शेवटी वर्गावरच ठरते. आठवड्यातला नागरिकशास्त्राचा एक तास अर्थ उलगडण्यासाठी पुरेसा आहे. वर्गात कोणाच्या घरी कोणती भाषा बोलली जाते, कोणता सण होतो, एवढे फळ्यावर लिहायला घेतले तरी परंपरांची विविधता मुलांना आपल्याच बाकावर सापडेल. ‘गुरुजी, मला ही ओळ पटत नाही’ असे एखाद्या मुलीने त्या तासाला उठून म्हटले, तर तिला खाली बसवू नये. तिला का पटत नाही, ते आधी ऐकून घ्यावे आणि मग वर्गाला बोलू द्यावे.