शेवटच्या नळापर्यंत पुरणारा क्लोरीन

नदीतून किंवा धरणातून उचललेले पाणी नुसते साठवून ठेवल्याने पुरते निवळत नाही, कारण चिकणमातीच्या अतिसूक्ष्म कणांवर ऋण विद्युतभार असतो आणि ते परस्परांना दूर लोटत पाण्यात तरंगत राहतात. जलशुद्धीकरण केंद्रात तुरटी मिसळली जाते ती हा भार नाहीसा करण्यासाठी. मग कण एकत्र येतात, तुरटीपासून बनणाऱ्या बुळबुळीत पदार्थात अडकून त्यांचे पुंजके होतात आणि ते टाकीच्या तळाशी बसतात. मात्र निवळलेले पाणी जंतुमुक्त असतेच असे नाही.

तळाशी न बसलेले कण आणि बरेचसे जंतू वाळूच्या थरात अडकतात. या साध्या गाळणीचे सामर्थ्य १८९२ साली जर्मनीत भीषण रीतीने सिद्ध झाले. एल्ब नदीचे पाणी न गाळता पिणाऱ्या हॅम्बुर्गमध्ये पटकीने ८,००० हून अधिक माणसे दगावली. त्याला लागूनच असलेले आल्टोना शहर प्रवाहाच्या खालच्या अंगाला, म्हणजे हॅम्बुर्गचे सांडपाणी मिसळलेले पाणी घेत होते, तरी ते वाळूतून गाळले जात असल्यामुळे बहुतांशी बचावले.

गाळणीनंतर क्लोरीन दिला जातो. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण गढूळ पाण्यात जंतू कणांच्या आडोशाला राहतात आणि सेंद्रिय पदार्थच क्लोरीन संपवून टाकतात. सुमारे अर्धा तास संपर्क झाल्यावरही पाण्यात उरणाऱ्या क्लोरीनला शेष क्लोरीन म्हणतात. भारतीय मानकानुसार तो लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असावा लागतो. केंद्रापासून घरापर्यंतच्या प्रवासात पाण्याचे रक्षण तोच करतो. दिवसातून काही तासच पुरवठा होणाऱ्या गावांत आणि शहरांत ही गरज अधिक तीव्र होते, कारण नळ बंद असताना वाहिनीतील दाब उतरतो आणि गळतीच्या जागांतून बाहेरचे घाण पाणी आत शिरते. अशा वेळी केंद्रातील उत्तम शुद्धीकरणही वाया जाऊ शकते.

महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, वापरून पाणी शुद्ध केले जाते आणि ओटी चाचणीने शेष क्लोरीन तपासला जातो. ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकल्यावर पाणी पिवळे झाले, तर क्लोरीन शिल्लक आहे असे समजते. हा नमुना केवळ टाकीजवळच्या नळाचा घेणे पुरेसे नाही. तो वाहिनीच्या टोकाच्या घरातूनही घ्यायला हवा, कारण क्लोरीन सर्वांत आधी तिथेच संपतो.