पाण्याने कोरलेला सह्याद्री

कोकणातून पूर्वेकडे नजर टाकली की सह्याद्रीची काळी भिंत आडवी येते, आणि पृथ्वीच्या पोटातल्या एखाद्या हिसक्याने ती उभी राहिली असावी असेच कोणालाही वाटेल. देशावरून येणाऱ्याला मात्र हा पर्वत वेगळाच दिसतो. पुण्याहून लोणावळ्याला जाताना मोठी चढण अशी लागत नाही. मावळातली रुंद खोरी संपतात आणि पुढे एकदम दरी उघडते. दोन्ही बाजूंनी चढत जाऊन मध्ये शिखर गाठणारा हा डोंगर नव्हे. दख्खनच्या पठाराची ही पश्चिमेकडची कड आहे. ही कड आज जिथे आणि ज्या रूपात आहे, ते मुख्यतः वाहत्या पाण्याचे काम आहे, असे मला पुराव्यांवरून ठामपणे वाटते.

पहिला पुरावा खडकाच्या थरांचा. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे लोटामागून लोट पसरले आणि थंड होऊन एकावर एक साचले. आजही त्या बेसाल्टने जवळपास पाच लाख चौरस किलोमीटर भूभाग व्यापला आहे. पावसाळ्यात कोणत्याही घाटातून पाहिले तर हे आडवे थर धबधब्यांच्या टप्प्यांवरून सहज मोजता येतात. दरीच्या एका बाजूला दिसणारे थर समोरच्या बाजूलाही त्याच क्रमाने दिसतात. डोंगर वळ्या पडून वर आला असता तर हे थर वाकले, मुडपले असते. ते सरळ आहेत, याचा अर्थ मधला खडक पूर्वी सलग होता आणि नंतर कोणीतरी तो काढून नेला.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. इतका उभा कडा पाण्याने कसा होईल? कड्याच्या पायथ्याशी जमिनीला मोठी भेग पडून कोकण खाली खचले, हे स्पष्टीकरण जास्त सोपे नाही का? एके काळी हे मत बरेच प्रचलित होते. त्याला उत्तर देतात ते कड्यापासून सुटून पश्चिमेला एकटे उभे असलेले डोंगर: माथेरान, प्रबळगड, कर्नाळा. माथेरानचा माथा सुमारे 800 मीटर उंच आहे, लोणावळ्याहूनही उंच, आणि त्याचे थरही जवळपास आडवेच आहेत. भेग कड्याच्या पायथ्याशी असती तर कोकणाबरोबर माथेरानही खाली गेले असते. थर खरोखर कललेले सापडतात ते आणखी पश्चिमेला, पनवेल-मुंबईच्या पट्ट्यात, आणि तिथे ते समुद्राकडे झुकतात. म्हणजे मोडतोड झाली ती किनाऱ्याजवळ. उद्रेकानंतर, भूशास्त्राच्या हिशेबाने थोड्याच काळात, सेशेल्सचा भूभाग भारतापासून सुटला आणि पठाराला पश्चिमेकडे नवी, उघडी कड मिळाली. तिथून आजच्या जागेपर्यंत कडा मागे सरकत आला. माथेरान हा त्या वाटेत मागे राहिलेला तुकडा. दक्षिण आफ्रिकेतला ड्रेकेन्सबर्ग आणि ब्राझीलमधला सेरा दो मार हेही फुटलेल्या खंडांच्या काठावरचे असेच कडे आहेत.

पण काळा पाषाण इतका कठीण, त्याला पाणी काय करणार? पाणी ताकदीआधी रसायन वापरते. हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड विरघळून पावसाचे पाणी किंचित आम्लधर्मी होते. बेसाल्ट थंड होताना पडलेल्या चिरांतून ते आत शिरते आणि खडक कडांपासून कुजवत नेते. रस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो तिथे कांद्याच्या पाकळ्यांसारखे पापुद्रे सुटलेले गोल धोंडे दिसतात, आणि त्यांच्या भोवती मुरूम. तो मुरूम पुढचा पाऊस वाहून नेतो. प्रवाहात दगड-वाळू असली की घासण्याचे कामही होते. निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे भोवऱ्यात फिरणाऱ्या गोट्यांनीच खणले आहेत. राहिला वेळेचा प्रश्न. शंभर वर्षांत फक्त एक मिलिमीटर खडक झिजतो असे धरले, तरी 6.6 कोटी वर्षांत 660 मीटरची झीज होते.

याहून बारीक आक्षेप पावसाचा आहे. महाबळेश्वरला वर्षाला 5000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, मग तेच सर्वांत आधी झिजून सपाट का झाले नाही? कारण पाण्याची कापण्याची ताकद पावसावर ठरते तितकीच उतारावरही ठरते. पठाराच्या माथ्यावर उतार नाही, वर जांभ्याचे टणक, सच्छिद्र टोपण आहे. पाणी त्यात मुरते आणि खालून झऱ्यांनी बाहेर पडते. खरी कापणी कडेला होते. कृष्णा आणि सावित्री याच पठारावर उगम पावतात. कृष्णेला समुद्र गाठायला सुमारे 1400 किलोमीटर जावे लागते, सावित्रीला शंभराच्या आसपास. उंची तीच, अंतर इतके कमी; त्यामुळे पश्चिमेच्या नद्या आपल्या उगमाकडे खणत पठार खात जातात. याची खूण लोणावळ्याजवळ दिसते: इंद्रायणीचे खोरे कड्यापाशीच, चांगले रुंद असे सुरू होते, आणि त्याला लागूनच उल्हास खोल दरीत उतरते. हे काम वाऱ्यामुळेच शक्य होते. नैर्ऋत्येचा वारा कड्यावर आदळून वर चढतो, थंड होतो आणि तिथेच पाणी टाकतो. कडाच पाऊस पाडतो आणि तोच पाऊस कड्याला कापतो.

वाऱ्याचे स्वतःचे कोरीवकाम इथे नगण्य आहे. वाळू उडायला थरच्या वाळवंटासारखी कोरडी, उघडी जमीन लागते. बर्फ असता तर ओळखू आला असता. हिमनदी दरीचा तळ रुंद खरवडते, धोंड्यांपासून पिठासारख्या चुऱ्यापर्यंत सगळे एकत्र ओढत नेऊन तसेच टाकते. पाणी मात्र निवड करते: पायथ्याशी धोंडे, पुढे वाळू, मुखाशी गाळ. सह्याद्रीत पाण्याचीच खूण सापडते. बर्फाची खूण महाराष्ट्रातच पाहायची तर चंद्रपूर जिल्ह्यात इरईजवळ, पैनगंगेच्या पात्रात जावे. तिथल्या चुनखडीवर हिमनदीत अडकलेल्या दगडांनी ओढलेले समांतर ओरखडे आहेत. ते सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वीचे, भारत गोंडवनाचा भाग असून दक्षिण ध्रुवाच्या जवळ होता तेव्हाचे. लाव्हा यायला तेव्हा अजून वीसेक कोटी वर्षे होती.

सह्याद्रीची उंची सगळी पाण्याने दिलेली नाही, हे मान्य केलेच पाहिजे. वरचा खडक निघून गेला की भार हलका होतो आणि भूकवच हळूहळू वर येते. पाणी जितके कापते तितकी त्याला कापायला नवी उंची मिळते. निघालेला खडक कृष्णा-गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात आणि अरबी समुद्राच्या तळाशी गेला आहे. आणि हे काम थांबलेले नाही. 30 जुलै 2014 ला माळीण गावावर आणि 22 जुलै 2021 ला तळीये गावावर जे उतार कोसळले, ते अतिवृष्टीत पाण्याने जड झालेल्या माती-मुरुमाचेच होते. त्या रात्रंदिवसाच्या पावसात गेलेली माणसे परत येणार नाहीत. पण तशाच उतारांवर आज वसलेल्या शेकडो वाड्यांसाठी मुरुमाचा थर किती जाड आहे, पाणी कुठून मुरते, रस्त्यासाठी किंवा सपाटीसाठी पायथा कुठे तोडला आहे, हे पावसाळ्यापूर्वी तपासता येते.