बाँडवरचा प्लॉट आणि नोटरीचा लाल शिक्का

“रजिस्ट्रीला कशाला दीड लाख घालायचे? बाँड करून घेतलाय, नोटरीचा शिक्का आहे, दोन साक्षीदार आहेत. प्लॉट आपलाच की!”

हे वाक्य मी नांदेडला तरोड्यात ऐकलंय, लातूरला औसा रोडवर ऐकलंय. बोलणारे बहुतेक शिकलेले असतात. पोरांच्या शिकवण्यांसाठी गाव सोडून आलेले, सोयाबीनच्या पैशातून एक-दोन गुंठे घेतलेले. म्हणून जास्त चिडचिड होते. पैसा कष्टाचा, आणि भरवसा एका शिक्क्यावर!

तर आधी शिक्क्याचंच बघू. नोटरी एवढंच सांगतो की अमुक माणसाने माझ्यासमोर सही केली. जागा त्या माणसाची आहे का, तिच्यावर कर्ज आहे का, त्याने ती आधी दुसऱ्याला विकली आहे का, हे तपासणं त्याचं काम नाही. शिवाय त्याच्या रजिस्टरमधली नोंद पुढच्या गिऱ्हाइकाला शोधून सापडत नाही. तुमचा बाँड कपाटात पडून असताना मालकाने तोच प्लॉट दुसऱ्याला दाखवला, तर त्या दुसऱ्याच्या वकिलाला दुय्यम निबंधक कार्यालयात सगळं स्वच्छ दिसतं. तो रीतसर खरेदीखत करून मोकळा होतो, आणि कोर्टाच्या पायऱ्या चढायची पाळी तुमच्यावर येते.

कायदा याबाबत मुळीच संदिग्ध नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा. त्याचं कलम ५४ सांगतं की १०० रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते, आणि नुसत्या विक्रीच्या कराराने मालमत्तेत कसलाही हक्क निर्माण होत नाही. म्हणजे ज्या शंभराच्या पुढे नोंदणी लागते, त्याच शंभराच्या कागदावर आपण वीस लाखांची जागा घेतो! ऑक्टोबर २०२४ पासून शंभराऐवजी पाचशेचा मुद्रांक लागतो. त्याने खर्च वाढला, कागदाचं वजन वाढलं नाही.

“पण मुखत्यारपत्रही करून घेतलंय,” असं उत्तर येतं. त्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्येच, सूरज लॅम्प विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात लावला. विक्रीचा करार, मुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र असा तिहेरी संच केला तरी मालकी मिळत नाही.

मग बाँड अगदीच रद्दी का? तसंही नाही. करार पाळून घेण्याच्या दाव्यात तो पुरावा म्हणून दाखवता येतो. पण त्याला मुदत तीन वर्षांची; करारात तारीख ठरली असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर समोरच्याने नकार दिल्याचं कळल्यापासून. आणि दावा लावावा लागणं म्हणजे घर मिळणं नव्हे.

लोक या वाटेला का लागले, हेही सांगायला हवं. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा. शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्याने तुकडे विकायला त्याचा अडथळा, आणि जुलै २०२१ च्या परिपत्रकानंतर तर असे दस्त नोंदवणं आणखी अवघड झालं. गरज थांबली नाही; ती बाँडकडे वळली. २०२५ मध्ये सरकारने तुकडेबंदी शिथिल केली, पण त्यातून वाट मिळाली ती नोंदणी करून घेण्याची. बाँडलाच कुणी खरेदीखत मानलेलं नाही.

आता बाकीचे गैरसमज, थोडक्यात.

“नमुना ८ वर नाव आहे.” ती कर आकारणीची नोंद आहे. घरपट्टी भरली म्हणून कुणी मालक होत नाही.

“सातबाऱ्यावर नाव लागलं.” उत्तम, पण फेरफाराने मालकी निर्माण होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितलंय. मराठवाड्यात तर १९५४-५५ चं खासरा पत्रक आणि जुनी पहाणी पत्रकंही काढा. इनाम आणि कुळाचे धागे तिथे सापडतात. ‘भोगवटादार वर्ग २’ दिसलं तर परवानगीशिवाय इसार देऊ नका.

“बारा वर्षं ताबा झाला की जागा आपली.” मालकाच्या संमतीने करारावर घेतलेला ताबा हा विरोधी ताबा होत नाही.

“बँकेने कर्ज दिलं म्हणजे कागद चोख.” बँक स्वतःच्या पैशाची काळजी घेते. तुमचा शोध अहवाल तुमच्या वकिलाकडून घ्या.

“रेरा पुण्या-मुंबईच्या फ्लॅटला.” ५०० चौरस मीटरच्या वरच्या प्लॉटिंगलाही लागतो, नांदेड-लातूरलाही. आणि नोंदणीकृत करार होण्याआधी १० टक्क्यांहून जास्त रक्कम मागता येत नाही.

“एन. ए. आहे ना, बास.” मंजूर रेखांकन वेगळं मागा. नांदेडात गोदावरीची निळी आणि लाल पूररेषाही बघा.

शेवटी दीड लाखांचा हिशेब. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क साधारण ६ टक्के आणि नोंदणी फी १ टक्का धरली, तर वीस लाखांच्या प्लॉटला १ लाख ४० हजार होतात. रक्कम मोठी आहे, मान्य. घासाघीस करायचीच तर ती भावात करा.

आणि ज्यांच्या कपाटात बाँड आधीच आहे, त्यांनी आणखी वाट पाहू नये. दस्त होण्यासारखा असेल तर लिहून देणारा हयात आहे, ओळख देतो आहे, तोवर त्याला सोबत घेऊन दुय्यम निबंधकाकडे जा. उद्या त्याच्या वारसांशी बोलावं लागेल, आणि तोवर प्लॉटचा भाव त्यांनाही कळलेला असेल.