लिदीतल्या अंड्यांचा हिशेब

१९६६ साली केंटकीतल्या ड्रज आणि लायन्स या संशोधकांनी सल्ला दिला: दर सहा ते आठ आठवड्यांनी सगळ्या घोड्यांना जंताचं औषध पाजा. तेव्हा तो रास्तच होता. स्ट्राँगिलस व्हल्गॅरिस या जंताच्या अळ्या आतड्याच्या धमनीत शिरत, तिथे रक्ताच्या गुठळ्या होत आणि घोडा पोटशुळाने दगावे. १९८० च्या दशकात आयव्हरमेक्टिन आलं आणि नियमित औषध देणाऱ्या पागांतून हा जंत जवळपास हद्दपार झाला.

पण कॅलेंडर पाहून औषध द्यायची सवय मात्र सुटली नाही. त्यात लहान स्ट्राँगाइल जंत चिवट निघाले. बेन्झिमिडाझोल गटातली औषधं त्यांच्यावर चालेनाशी झाली. २००२ मध्ये नेदरलँड्समधून बातमी आली की शिंगरांच्या पोटातले गोल जंत आयव्हरमेक्टिनलाही दाद देत नाहीत.

मग लक्ष वळलं लिदीकडे. चार ग्रॅम ताजी लीद २६ मिलिलिटर संपृक्त मिठाच्या पाण्यात कालवून गाळायची आणि मॅकमास्टर काचेच्या दोन कप्प्यांत भरायची. हलकी अंडी वर तरंगतात. ती सूक्ष्मदर्शकाखाली मोजून २५ ने गुणलं की एका ग्रॅममागे किती अंडी ते कळतं. दोनशेच्या आत असलेल्या प्रौढ घोड्याला सहसा जादा डोस लागत नाही. पाचशेच्या वर गेलेला घोडा चराऊ कुरण खराब करतो. कळपातली बहुतेक अंडी मोजकेच घोडे टाकतात, हे या मोजणीने दाखवून दिलं. औषधानंतर चौदा दिवसांनी पुन्हा मोजलं की ते चाललं की नाही, हेही समजतं.

डेन्मार्कने १९९९ मध्ये पशुवैद्याच्या चिठ्ठीशिवाय ही औषधं देणं बंद केलं. पुढे तिथे, केवळ मोजणीवर विसंबलेल्या पागांत, स्ट्राँगिलस व्हल्गॅरिस पुन्हा जास्त दिसू लागला. त्याची अंडी लहान स्ट्राँगाइलच्या अंड्यांसारखीच दिसतात, आणि आतड्याच्या भिंतीत दडलेल्या अळ्या तर लिदीत उतरतच नाहीत. म्हणून आज सगळ्या प्रौढ घोड्यांना वर्षातून एक-दोन ठरलेले डोस, त्यापुढचे मोजणी पाहून आणि शिंगरांचं वेगळं वेळापत्रक, अशी रीत रुजते आहे.

घोड्यांसाठी नव्या गटाचं जंतनाशक सहजासहजी येत नाही. हाती असलेली औषधं टिकवायची असतील, तर प्रत्येक जादा डोसाआधी लीद तपासायलाच हवी.