मृगाचा पूर आणि चढणीचा मासा

ट्राउट हा मासा बडनेऱ्याच्या पाण्यात कधी येणार नाही. गळाने मासे धरण्यावरची जी इंग्रजी पुस्तके जुन्या बाजारात हाती लागतात, ती बहुतेक या एका माशाभोवती फिरतात. इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो काश्मीरच्या आणि निलगिरीच्या ओढ्यांत आणून सोडला आणि तिथे तो रुजला, कारण त्याला बारमाही थंड, खळाळते पाणी लागते. पाणी वीस अंशांच्या वर गेले की तो खाणे कमी करतो. पंचविशीच्या पुढे त्याचा जीवच धोक्यात येतो. आमच्याकडे वैशाखात हवाच पंचेचाळीस अंशांना टेकते. त्या पुस्तकांतला दुसरा लाडका मासा म्हणजे अमेरिकेतला बास. तो गरम पाणी सोसतो, पाणवनस्पतीत दबा धरून बसतो आणि जवळून जाणाऱ्या बेडकावर झडप घालतो. हे सगळे आमच्याकडे मरळ करते, तेव्हा बासची उणीव भासण्याचे कारण नाही.

पण मासा बदलला म्हणून पुस्तकातला सल्ला बदलत नाही, आणि गंमत (खरे तर घोटाळा) तिथेच होते. 'भल्या पहाटे जा, पाणी सर्वांत थंड असते' हा सल्ला वाचून आमची तरुण मंडळी मे महिन्यात पहाटे चारला तळ्यावर जाऊन बसतात आणि हात हलवत परततात. थंड मुलखात पाण्याचे तापमान हे माशाचे घड्याळ असते. वऱ्हाडात ते घड्याळ दोन गोष्टींवर चालते: पाण्यातला प्राणवायू आणि पाण्याची ओढ. या दोन्हींचे वर्षभराचे वेळापत्रक तारखांपेक्षा नक्षत्रांत अधिक नीट मांडता येते, आणि भोई मंडळी ते तसेच मांडतात.

दख्खनच्या माशांचे शास्त्रच मुळी कोळी-भोयांच्या तोंडून सुरू झाले. मुंबई सरकारचा अधिकारी कर्नल साइक्स याने १८३९ साली दख्खनच्या नद्यांतले मासे शास्त्रीय जगापुढे ठेवले, तेव्हा त्यांतल्या अनेकांना त्याने मराठी कानांना ओळखीची नावे दिली. 'खुद्री', 'कोलुस', 'बोगट', 'मुल्या' ही आजही जगभरच्या प्रयोगशाळांत चालणारी नावे आहेत. नाकाडावर खाच असलेल्या एका माशाचे शास्त्रीय नाव 'नुक्ता' आहे. मला त्यात आपला 'नकटा' ऐकू येतो. त्याच्याही सातशे वर्षे आधी कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात 'मत्स्यविनोद' असे प्रकरणच लिहिले. गळ, दोरी, काठी, आणि कोणत्या माशाला कोणते आमिष, हे सगळे त्यात आहे. सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञांनी १९५१ साली त्यावर निबंध लिहून ते अभ्यासकांपुढे आणले. राजाला आमिषाची एवढी चिकित्सा करावीशी वाटली, याचे मला फार अप्रूप आहे.

आता आमच्या पाण्याकडे वळू. बडनेरा-अमरावतीच्या पूर्वेला पोहरा-मालखेडच्या टेकड्या आहेत. त्यांच्या पश्चिमेला पडलेला पाऊस पेढी नदीने पूर्णेत, पूर्णेतून तापीत आणि शेवटी अरबी समुद्रात जातो; पूर्वेला पडलेला वर्धा, प्राणहिता, गोदावरी करत बंगालच्या उपसागरात. मधली रांग म्हणायला टेकड्याच, पण माशाच्या दृष्टीने हा दोन मुलखांमधला तट आहे. पश्चिमेचे पाणी काळ्या मातीच्या सपाटीतले, संथ आणि उन्हाळ्यात तुटणारे. पूर्वेला मोर्शीजवळ सिंभोऱ्याचे अप्पर वर्धा धरण आहे. तेरा दरवाज्यांचा तो जलाशय अमरावती-बडनेऱ्याची तहान भागवतो. तिथे पाणी खोल आणि बारमाही. एकाच दिवशी, एकाच आमिषाने दोन्हीकडे सारखेच मासे लागतील ही अपेक्षा चुकीची.

वैशाखापासून सुरू करतो, कारण प्राणवायूचे गणित तिथे उघडे पडते. वीस अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. तीस अंशांना तो साडेसातवर येतो. वर पाणी गरम झाले की माशाची गरज वाढते. म्हणजे आवक घटते आणि खर्च वाढतो. त्यात हिरवे शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते, रात्री तोच ओढून घेते. त्यामुळे शेवाळलेल्या तळ्यात चोवीस तासांतली सर्वांत वाईट वेळ म्हणजे सूर्योदयापूर्वीची. तेव्हा रोहू, कटला तोंड वर काढून धापा टाकत असतात. ज्याला श्वास पुरत नाही तो खाणार काय? अशा दिवसांत दुपार कलल्यावर जावे, आणि वारा ज्या काठावर लाटा आपटवतो त्या काठावर बसावे. पश्चिमेचा वारा असेल तर पूर्वेचा काठ. लाटांनी हवा पाण्यात कालवली जाते, मासे तिकडे सरकतात. तोंडावर वारा घेऊन गळ टाकणे त्रासाचे असते म्हणून बहुतेक जण पाठीवर वारा घेऊन बसतात, म्हणजे नेमके उलट्या काठावर.

मरळ आणि मागूर यांना ही अडचण नाही. त्यांना पाण्याबाहेरची हवा घेता येते. मरळ तर डोह आटला तरी ओल्या चिखलात दिवस काढते. हैदराबादेत मृग नक्षत्राच्या सुमारास दमेकऱ्यांना औषध घातलेले मरळीचे जिवंत पिल्लू गिळायला देतात. त्या उपचाराला शास्त्राचा आधार नाही, पण दम्यासाठी निवडलेला मासा मात्र हवेत श्वास घेणारा आहे, हा योगायोग मोठा मजेचा.

मग मृग. पहिला दणदणीत पाऊस झाला, नाले गढूळ होऊन वाहू लागले की नदीतले आणि तळ्यातले मासे प्रवाहाच्या उलट वर चढू लागतात. हाच चढणीचा मासा. मराठी मुलखात काही ठिकाणी त्याला वलगण म्हणतात. वाढलेली ओढ, मातीचा वास, एकदम उतरलेले तापमान या सगळ्यांची मिळून त्याला खूण पटते. उथळ, नव्याने बुडालेल्या गवतात अंडी घातली तर मोठे मासे तिथे पोचत नाहीत आणि पिल्लांना खायला सूक्ष्म जीव भरपूर मिळतात. रोहू, कटला, मृगळ यांना तर वाहत्या पुराशिवाय अंडी सुटतच नाहीत. साठलेल्या तळ्यात ते वाढतात, पण वंश वाढवत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधुरी आणि अलीकुन्ही यांनी माशाच्या मेंदूतल्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून त्यांना बंद पाण्यात अंडी घालायला लावली, तेव्हा ही अट मोडली. आज आपल्या तलावांत सोडले जाणारे मत्स्यबीज त्या दिवसाचे देणे आहे.

पण बीज केंद्रातून येते ते दोन-चार जातींचे. नाल्यातली वाम, शिंगाळा, बोगट, बारीक खवल्यांचे चिल्लर मासे कोणी टोचून वाढवत नाही. ते मृगाच्या पुरावरच अवलंबून आहेत. आणि चढणीचा मासा धरण्याइतके सोपे काम दुसरे नाही. अरुंद नाल्यात जाळे आडवे लावले की झाले. कौशल्य लागत नाही, आमिषही नाही. बडनेऱ्याच्या बाजारात जूनच्या अखेरीस जे मासे मी पाहतो, त्यांतल्या बऱ्याच माद्यांची पोटे गाभोळीने फुगलेली असतात. चवीला ते उत्तम, म्हणून भावही चांगला. समुद्रातल्या यांत्रिक मासेमारीला महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै बंदी असते, ती याच कारणासाठी. आमच्या नाल्यांवर तशी बंदी पाळलेली मी पाहिली नाही. विष आणि सुरुंग यांना तर १८९७ च्या कायद्यानेच मनाई आहे. तरी विरंजक चूर्ण टाकून डोहच्या डोह पांढरा करणारे दर वर्षी भेटतात. पोटासाठी पिढ्यान्‌पिढ्या जाळे टाकणाऱ्या भोयांना यात दोष देण्यात अर्थ नाही. पुराच्या दिवशी नाल्यावर गर्दी असते ती बहुधा हौशी लोकांची.

श्रावण-भाद्रपदात गळवाल्याने फारशी आशा ठेवू नये. काळ्या मातीचा कण इतका बारीक असतो की पाणी आठवडेच्या आठवडे निवळत नाही. डोळ्यांनी शिकार करणारे मासे आंधळे होतात. वासाने आणि मिशांनी चाचपडणारा शिंगाळा तेवढा खुशीत. नाला तळ्याला मिळतो तिथे, तळाला टेकलेले गांडूळ, एवढा एकच उपाय.

याच दिवसांत काठच्या वनस्पतीत लालसर पिल्लांचा एक पुंजका पाण्यावर वरखाली होताना दिसतो. ती मरळीची पिल्ले. त्यांच्या खाली आईबाप राखणीला असतात आणि पुंजक्याजवळ आलेल्या कशावरही तुटून पडतात. म्हणूनच रबरी बेडूक तिथे टाकला की मरळ हमखास लागते. ती भुकेने लागत नाही, रागाने लागते. राखणदार गेला की चिल्लर मासे एका दिवसात तो पुंजका फस्त करतात. एका मरळीच्या बदल्यात शेकडो पिल्ले, असा हा सौदा. मी त्याला शिकारही म्हणणार नाही.

हस्त सरून चित्रा-स्वाती लागल्या की पाणी निवळते, आणि हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा नेमके तेच दिवस असतील. मालखेडच्या तलावासारख्या ठिकाणी सकाळी नऊपर्यंत आणि संध्याकाळी मरळ काठाला येते. पिल्ले पांगलेली असतात, तेव्हा आता ती खुशाल धरावी. तलाव बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेच्या ठेक्यात असतो, आधी विचारावे. पौषात रात्री पारा दहा-बाराला आला की उलट दुपारची वेळ धरावी. रोहू तेव्हा सुस्त असतो. मोरपिसाच्या देठाचे हलके तरंगते, बारीक गळ आणि हरभऱ्याएवढा कणकेचा गोळा. तरंगते बुडण्याची वाट पाहू नये, नुसते थरथरले तरी ओढावे.

राहता राहिला प्रश्न चढणीच्या वाटेचा. नदीनाल्यांवर दोन प्रकारचे अडथळे आहेत. कोल्हापुरी बंधाऱ्याला बरगे असतात. पावसाळा संपताना घालायचे आणि मृगाआधी काढायचे, असा नियम. ते वेळेवर काढले तर मासा बिनधास्त वर जातो, पूर ओसरल्यावर परत येतो. ते गंजून अडकले, किंवा काढायला कोणी आलेच नाही, तर बंधाऱ्याच्या पायथ्याशी मासे साचतात आणि तिथेच धरले जातात. सिमेंटच्या नाला बांधाला दारच नसते. पाण्याच्या टंचाईच्या आमच्या मुलखात ते बांध नकोत असे मी म्हणणार नाही, विहिरींना त्यांचा उपयोग झाला आहे. पण बांधाच्या एका कडेला खालच्या बाजूने दगडांची तिरपी उतरण रचली, चढ हळू ठेवला आणि मधे मोठे दगड टाकून पाण्याची धार मोडली, तर वाम आणि शिंगाळा ती चढू शकतात. मोठ्या धरणांवर माशांसाठी अशा पायऱ्या जगभर बांधतात. नाला बांधाला ट्रॅक्टरच्या दोन-चार फेऱ्यांचा दगड पुरावा, आणि ते काम रोहिण्या लागण्याआधी, नाला कोरडा असतानाच करावे लागते.