जुन्या गाडीची बॅटरी बदलताना काय पाहावे?

अब्बांची प्रीमियर पद्मिनी आम्ही अजून विकलेली नाही. मागच्या पावसाळ्यात तिची बॅटरी बसली. "सगळ्या सारख्याच असतात" म्हणत दुकानदाराने एक दिली. तिचे टर्मिनल उलट्या बाजूला निघाले. वायर ताणून बसवली, ती बॉडीला घासून सोलली आणि एक दिवस ठिणगी उडाली. नशीब, गाडी दारातच उभी होती. आता आम्ही आधी तपासतो, मग पैसे देतो.

पहिले, व्होल्ट. पद्मिनी 12 व्होल्टची. पण जुनी विलीज जीप 6 व्होल्टची असू शकते.

दुसरे, अर्थिंग. काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॉडीला प्लसची वायर असते. सवयीने मायनस जोडाल तर नुकसान ठरलेलेच.

तिसरे, माप आणि टर्मिनलची बाजू. बॅटरी ट्रेमध्ये नीट बसून क्लॅम्पने आवळली गेली पाहिजे.

चौथे, अँपिअर-तास. गाडीच्या पुस्तिकेत दिलेलेच घ्या. डायनॅमोची गाडी आयडलवर फारशी चार्जिंग करत नाही. उगाच मोठी बॅटरी घेऊन फायदा नाही.

पाचवे, बॅटरीवरची तयार झाल्याची तारीख. दुकानात वर्षभर पडून राहिलेली नको.

आणि हो, आधी मीटर लावा. चांगली भरलेली बॅटरी रात्रभर उभ्या गाडीत साधारण 12.6 व्होल्ट दाखवते. इंजिनला रेस दिल्यावर आकडा 14 च्या आसपास जायला हवा. तो वाढलाच नाही, तर दोष बहुधा चार्जिंगचा. नवी बॅटरीही तशीच बसेल.

जुनी बॅटरी दुकानदारालाच परत द्या. आत शिसे आणि तेजाब असते. घरात मुलांच्या हाताशी ठेवू नका.