नावात कोणती चिन्हे चालतात?

संगणकासाठी आज्ञावली लिहिताना आपण प्रत्येक चल राशीला नाव देतो. हे नाव कोणत्याही चिन्हांनी बनवता येत नाही. सी भाषेच्या १९८९ सालच्या प्रमाणित नियमानुसार इंग्रजी अक्षरे, अंक आणि अधोरेषा एवढीच चिन्हे चालत. शिवाय आरंभी अंक नको. अंकाला मज्जाव का? संगणक मजकूर क्रमाने वाचत जातो. आरंभीच अंक दिसला, की पुढे संख्या आहे असे तो धरतो. '१ई५' हे नाव म्हणावे, तर एक लाख ही संख्याही तशीच लिहितात!

डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या पायथन ३ या आवृत्तीत इतर लिप्यांतील नावांनाही मुभा मिळाली. युनिकोडमध्ये प्रत्येक चिन्हाला क्रमांक आणि वर्ग दिलेला असतो. काही चिन्हे नावाच्या आरंभी चालतात, काही फक्त पुढे, तर काही कोठेच नाहीत. क, म, त ही अक्षरे आरंभी चालतात. काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त आणि देवनागरी अंक फक्त पुढे. म्हणून 'किंमत' आणि 'गुण२' वैध, पण '२गुण' अवैध.

आता 'पायऱ्या' हा शब्द घेऊ. यातील जोडाक्षर दोन प्रकारे टंकित होते. पहिल्या प्रकारात ऱ, हलन्त आणि य (क्रमांक २३५३, २३८१, २३५१) येतात. दुसऱ्यात साधा र, हलन्त, शून्य रुंदीचे जोडचिन्ह आणि य (२३५२, २३८१, ८२०५, २३५१) येतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण ८२०५ हे अदृश्य चिन्ह पायथनला नावात चालत नाही. जावास्क्रिप्टला मात्र आरंभाखेरीज चालते. अशा वेळी विद्यार्थ्याचे शुद्धलेखन तपासून उपयोग नाही. त्याने शब्द बरोबरच लिहिलेला असतो.

मग तपासायचे कसे? पायथनमध्ये शब्द अवतरणात लिहून त्याला 'इजआयडेंटिफायर' ही आज्ञा लावावी. 'ट्रू' उत्तर आले तर चिन्हे वैध आहेत. मात्र 'इफ', 'फॉर' अशा राखीव शब्दांनाही हेच उत्तर मिळते. ते वेगळे तपासावे लागतात. 'फॉल्स' आले तर 'ऑर्ड' या आज्ञेने एकेका चिन्हाचा क्रमांक छापून पाहावा. नडणारे चिन्ह सापडते.

वर्गात 'दऱ्या', 'वाऱ्याचा_वेग' आणि 'सरासरी-गुण' ही नावे देऊन पाहावीत. कोणते नाकारले जाईल आणि का, हे विद्यार्थ्यांनी आधी वहीत लिहावे, मग संगणकाला विचारावे.